कार्डावरचा घरादाराचा फोटो: कोणाला कुठे बसवायचं?

मधली_सून

वर्ष सरताना नातेवाईक आणि मित्रमंडळींना आम्ही शुभेच्छापत्रं पाठवतो, वर घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो. यंदा तो काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. माणसं तेरा: सासू-सासरे, तिघे भाऊ, आम्ही तिघी जावा, एक नणंद आणि चार मुलं (वयं १४, ८, ५ आणि एक अकरा महिन्यांचं). सासरे व्हीलचेअरवर असतात. मीही फोटोत हवीच.

फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा, २४-७० लेन्स आणि ट्रायपॉड आहे. तांत्रिक बाजू निभावून नेईन, अडतं ते माणसांपाशी. सगळे समोर आले की कुणी न सांगता उंचीनुसार रांग लागते. पुरुष मागे, बायका पुढे, मुलं खाली, सगळ्यांचे हात पोटावर बांधलेले. थेट शाळेच्या वर्गाचा फोटो! काही सुचवायला जावं तर मोठे दीर म्हणतात, "काढ गं पटकन." एवढा मोठा ग्रुप कुणी नीट बसवलाय का? सुरुवात कुठून करता?

गोंधळी

जागा पकडून ठेवतो. आमच्याकडेही तीच रांग, वर एक काका कायम अर्धे फ्रेमबाहेर.

तिपाई

कुटुंबांचे फोटो काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे जरा लांबण लावते.

आधी कार्ड ठरवा, माणसं नंतर. कार्ड आडवं की उभं? मजकूर कुठे येणार? हे न ठरवता फोटो काढला की शुभेच्छा कुणाच्या तरी कपाळावर छापायची वेळ येते. कार्ड बहुधा ५ × ७ इंचाचं असतं आणि तुमच्या कॅमेऱ्याची फ्रेम ३:२ ची. म्हणजे ६००० × ४००० पिक्सेलच्या फोटोतून ५६०० × ४००० एवढाच भाग कार्डावर येईल. त्यात छापखान्यात कडेची कापणी होते, तिच्यासाठी चारी बाजूंनी साधारण ३ मिमी सोडावे लागतात. टोकाच्या माणसाचा खांदा फ्रेमला चिकटलेला असेल तर तो गेलाच म्हणून समजा. म्हणून दोन्ही टोकांना एकेक माणूस मावेल एवढी जागा सोडा आणि मजकुरासाठी डोक्यांवर मोकळी, साधी पार्श्वभूमी ठेवा.

आता माणसं. रांग लागते कारण सगळे एकाच वेळी येऊन उभे राहतात. तसं येऊच देऊ नका. एक माणूस, फार तर एक जोडी, आधी बसवा आणि बाकीचे एकेक करून त्यांच्याभोवती आणा. तुमच्याकडे ही जोडी उघड आहे: सासरे आणि त्यांच्या शेजारी सासूबाई. सासूबाईंना सोफ्यावर नको, पाठ सरळ राहील अशा कडक खुर्चीवर बसवा. सोफ्यात माणूस रुततो, गुडघे वर येतात आणि कॅमेऱ्याला चेहऱ्याआधी गुडघेच दिसतात. सोफाच वापरायचा असेल तर अगदी पुढच्या कडेवर बसायला सांगा, गुडघे किंचित एका बाजूला वळवून.

नंतर एकेका भावाचं कुटुंब म्हणजे एक झुबका असं धरा. आई, बाप, त्यांची मुलं एकमेकांना चिकटून. तीन झुबके त्या जोडीभोवती रचायचे आणि नणंदेला दोन झुबक्यांच्या मध्ये, सासूबाईंच्या मागे घ्यायचं. एकट्या माणसाला टोकाला ठेवू नका, फोटोत ती पाहुणी वाटते.

डोक्यांकडे लक्ष द्या. शेजारशेजारची दोन डोकी एका उंचीवर नकोत आणि एक डोकं दुसऱ्याच्या बरोबर वरही नको. एकाचे डोळे शेजारच्याच्या हनुवटीच्या रेषेत आले की बहुतेक वेळा जमतं. उंच-सखलपणा उभं राहूनच आणायचा असं नाही. जमिनीवर बसलेले, गुडघ्यावर टेकलेले, खुर्चीवर, खुर्चीच्या हातावर किंवा उंच स्टुलावर, आणि उभे, असे पाच थर सहज मिळतात. मनातल्या मनात डोकी रेघांनी जोडून पाहा. त्रिकोण दिसले तर छान, सरळ रेघ दिसली तर कुणाला तरी हलवा.

जवळ आणायचं ते अवघडल्यासारखं होईल इतकं. समोरासमोर जे अंतर साधं वाटतं ते फोटोत खिंड दिसतं, आणि बघणाऱ्याला लगेच वाटतं की या दोघांचं बिनसलंय.

मोठी माणसं पक्की बसल्यावरच मुलांना बोलवा, तान्ह्याला सगळ्यांत शेवटी. त्याची झोप आणि पोट दोन्ही झालेलं असू दे.

गोंधळी

सगळं पटलं. पण हातांचं काय? फोटोत माझे हात दुसऱ्या कुणाकडून उसने आणल्यासारखे दिसतात.

तिपाई

हाताला काम द्या. पोर धरणं, बायकोच्या कोपराखालून हात घालणं, आईच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवणं. काहीच नसेल तर एक हात खिशात, अंगठा बाहेर, आणि कोपर अंगापासून थोडं सुटं. हात अंगाला दाबून धरला की दंड चपटा होऊन दुप्पट दिसतो.

एक गोष्ट कटाक्षाने टाळा. मागच्याने पुढच्याच्या खांद्यावर हात टाकला की मागच्याचा हात दिसत नाही, नुसती चार बोटं दिसतात, खांद्यावर उगवल्यासारखी. एकदा लक्षात आलं की त्या फोटोत दुसरं काही दिसतच नाही. तोच हात दंडावर किंवा पाठीवर ठेवायचा.

उभ्या माणसांनी अंग कॅमेऱ्यासमोर सरळ न धरता ग्रुपच्या मध्याकडे जरा वळवायचं, वजन मागच्या पायावर. आणि हनुवटी आधी थोडी पुढे, मग किंचित खाली. करताना कासव झाल्यासारखं वाटतं, पण जबड्याची कड स्वच्छ येते. सगळ्यांना एकदम सांगू नका, तेरा माणसं एकसाथ मान पुढे काढतील. ज्याला गरज आहे त्याच्या कानात सांगा.

खटपट्या

तांत्रिक बाजू निभावून नेईन म्हटलंय, तरी दोन गोष्टी.

माणसं जास्त म्हणून लेन्सच्या २४ मिमीच्या रुंद टोकावर जाऊ नका. फ्रेमच्या टोकाला डोकी ताणली जातात आणि टोकाची माणसं उगाच रुंद होतात. मागे सरायला जागा असेल तर ५०-७० वर राहा. ५० वर साधारण साडेपाच मीटरवरून चार मीटर रुंदीची फ्रेम मिळते. तेरा माणसं दोन-तीन थरांत बसली तर तेवढ्यात कडेची जागा सोडूनही मावतात.

ॲपर्चर (लेन्सचं उघडं तोंड; आकडा मोठा तेवढं तोंड लहान आणि फोकसची खोली जास्त) एफ/५.६ ते एफ/८. यात गंमत अशी की धोका मोठ्या ग्रुपपेक्षा छोट्याला जास्त. चौघांसाठी आपण जवळ जातो, म्हणजे फोकसची खोली आटते. ५० मिमी, ३ मीटर अंतर आणि एफ/२ असेल तर पुढून मागे मिळून जेमतेम ४३ सेंमी पट्टा नीट फोकसमध्ये असतो. मागे उभा असलेला बाप त्याच्या बाहेर. एफ/५.६ केलं की तोच पट्टा सव्वा मीटरच्या आसपास जातो. फोकस पुढच्या रांगेतल्या डोळ्यांवर धरा, कारण या अंतरांवर पट्टा पुढच्यापेक्षा मागच्या बाजूला जास्त पसरतो.

शटर १/२५० सेकंद, मुलं स्थिर बसणार नाहीत. आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) वर जाऊन फोटो रवाळ झाला तर होऊ दे. ५ × ७ च्या छापील कार्डावर तो रवाळपणा कुणाला दिसणार नाही, हललेला चेहरा मात्र दिसेल.

घरात फ्लॅश वापरणार असाल तर तो लांब आणि उंच न्या. पुढची रांग फ्लॅशपासून २ मीटरवर आणि मागची ३ वर असेल तर मागच्यांना पुढच्यांच्या निम्माही उजेड मिळत नाही (४४ टक्के). फ्लॅश मागे घेऊन हीच अंतरं ५ आणि ६ मीटर केली तर ६९ टक्के मिळतो.

मधली_सून

तिपाई, खटपट्या, खूप आभार. बाहेर काढायचा विचार आहे. ऊन कुठे हवं?

तिपाई

पाठीशी. किंवा सगळेच्या सगळे सावलीत, तोंडं मोकळ्या आभाळाकडे. अर्धे उन्हात आणि अर्धे झाडाखाली असं अजिबात नको, पानांतून आलेले कवडसे चेहऱ्यावर पडले की ते नंतर काढता येत नाहीत. हिरवळीवर बसवलंत तर खालून हिरवी झाक हनुवटीवर येते, पायवाट किंवा फरशी बरी.

उनाड_ढग

कपड्यांबद्दल कुणीच बोललं नाही! आम्ही सगळे एकसारखे टी-शर्ट घालतो, छान दिसतं.

तिपाई

छान दिसत असेल, पण तेरा जणांनी एकच रंग घातला की अंगं एकमेकांत मिसळतात आणि वर नुसती डोकी तरंगतात. माझं मत विचाराल तर दोन-तीन एकमेकांना धरून असलेले रंग ठरवा आणि प्रत्येकाला त्यातलं हवं ते घालू द्या. एकाच्या अंगावर नक्षी चालते, सगळ्यांच्या नाही. अगदी बारीक रेघांचे शर्ट घरीच राहू देत, सेन्सरवर त्यांच्या लाटा उमटतात. भडक पोपटी आणि नारंगीही नको. तो रंग उडून शेजारच्याच्या गालावर जातो.

उनाड_ढग

असहमत. एकसारखे कपडे म्हणजे त्या दिवसाची मजा असते, मुलं खूश असतात, आणि खूश मुलांचा फोटो चांगलाच येतो. सगळंच कशाला फोटोच्या सोयीने करायचं?

तिपाई

तेही खरं. मग रंग एकच ठेवा, छटा गडद-फिक्या घ्या आणि गडदवाल्याला फिक्यावाल्याशेजारी बसवा. दोघांचंही समाधान.

जुना_रोल

मधली_सून, फोटो किती काढायचे हे कुणी सांगितलं नाही म्हणून सांगतो. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पियर्स बार्न्स यांनी याचं चक्क गणित मांडलं होतं: ग्रुपमध्ये एकाचेही डोळे मिटलेले नसतील असा निदान एक फोटो हवा तर किती फोटो काढायचे. २००६ सालचं गणिताचं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं गमतीचं बक्षीस) त्यांना या कामासाठी मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर ढोबळ नियम असा: उजेड चांगला असेल तर माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी असेल तर दोनने. कमी उजेडात शटर जास्त वेळ उघडं राहतं, तेवढ्यात कुणी तरी पापणी मिटतोच. तुमच्या तेरांसाठी बाहेर पाच, घरात सात.

पण हे गणित फक्त पापण्यांचं. कुणी नाकात बोट घातलंय, कुणी खाली बघतंय, हे त्यात नाही. पाच वर्षांचं पोर असेल तर तो आकडा विसरा आणि कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड भरेपर्यंत काढा.

दुसरा एक हुकमी उपाय. सगळ्यांना डोळे मिटायला सांगायचं, मोठ्याने एक-दोन-तीन म्हणायचं, तीनला सगळ्यांनी उघडायचे आणि त्यानंतर अर्ध्या क्षणाने फोटो. उन्हामुळे डोळे बारीक होतात त्यावरही हे लागू पडतं.

शिंपले

मस्त माहिती! आणि हसण्याचं काय? आमच्याकडे "हसा" म्हटलं की सगळे दातांच्या डॉक्टरांकडे आल्यासारखे तोंड उघडतात.

जुना_रोल

"हसा" म्हणायचंच नाही. गियोम द्युशेन नावाच्या फ्रेंच वैद्याने १८६२ साली चेहऱ्याच्या स्नायूंवर ग्रंथ छापला, त्यात हे नोंदवलंय. ओठांची टोकं वर नेणारा स्नायू आपल्या हुकमात असतो. खऱ्या आनंदात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळला जातो, आणि तो सांगून बहुतेकांना आवळता येत नाही. म्हणून ओठ हसतात आणि डोळे बघत राहतात.

मग करायचं काय, तर कॅमेऱ्याकडे बघायलाच सांगू नका. आजीकडे बघा म्हणा, किंवा घरातला सगळ्यात उशिरा उठणारा कोण ते तीनला बोटाने दाखवा म्हणा. गलका होतो, आरोप-प्रत्यारोप होतात. तो ओसरायला लागला की "इकडे!" म्हणायचं. चेहरे कॅमेऱ्याकडे वळतात, पण हसू अजून शिल्लक असतं. तेवढ्यात बटण दाबायचं.

मधली_सून

मग मोठ्या दिरांनाच तो प्रश्न विचारायला लावते. काम मिळालं की "पटकन काढ" थांबेल.

तिपाई

अगदी. घाई करणाऱ्या माणसाला मोजायला लावा. आणि ते उंच असतील तर मागे उभं करू नका, सगळे तेच करतात. त्यांना स्टुलावर बसवा आणि जाऊबाईंना मागे उभं करा. पूर्ण रचना एकदम मऊ होते.

पांढरा_कोपरा

माझी बहीण व्हीलचेअर वापरते म्हणून लिहिते आहे. तिपाईंनी सासऱ्यांना मध्ये घेतलं हे फार बरं वाटलं. बरेच जण व्हीलचेअर टोकाला लावतात, "चाकांना जागा हवी" म्हणून, नाहीतर सगळे तिच्यामागे ताठ उभे राहतात आणि फोटोत माणूस खड्ड्यात बसल्यासारखा दिसतो.

व्हीलचेअरवर बसलेल्यांचे डोळे साधारण खुर्चीत बसलेल्यांच्या उंचीला असतात. त्यामुळे शेजारी निदान दोन-तीन माणसं त्याच उंचीची हवीत, बसलेली किंवा गुडघ्यावर टेकलेली. खुर्ची थेट समोर न ठेवता थोडी तिरकी वळवा आणि ब्रेक लावा. कॅमेराही त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला आणा. नेहमीसारखा उभ्या माणसाच्या उंचीवरून धरलात तर सगळ्यांत जास्त वरून पाहिलं जातं ते त्यांच्याकडेच.

खुर्चीच्या मुठींवर टेकायच्या आधी विचारा. वापरणाऱ्याला ते आपल्या खांद्यावर कुणी भार टाकल्यासारखं वाटतं. खुर्ची लपवायची की दिसू द्यायची, पायांवर शाल हवी की नको, तेही त्यांनाच विचारा. माझ्या बहिणीला शाल आवडत नाही, आणि दरवर्षी कुणीतरी प्रेमाने आणतंच.

मधली_सून

पांढरा_कोपरा, हे फार मोलाचं आहे. कॅमेऱ्याची उंची डोक्यातच आली नव्हती. सासऱ्यांना विचारते, ते सांगतील स्पष्ट. भिडस्त नाहीत मुळीच. 😀

अबोली_

माझा मुलगा स्वमग्न आहे, सात वर्षांचा. कॅमेऱ्याकडे बघत नाही. नातेवाईक टाळ्या वाजवतात, खुळखुळे हलवतात, नाव घेऊन ओरडतात, त्याने तो आणखी मिटतो. अशा वेळी काय करावं?

तिपाई

अबोली, तो बघत नसेल तर बाकीच्यांना त्याच्याकडे बघू द्या. त्याला आवडणारी वस्तू हातात द्या, तो तिच्यात रमला की तुम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंना खाली बसा आणि तो काय करतोय ते बघा. तिन्ही डोकी एकाच गोष्टीवर झुकलेली. "कॅमेऱ्याकडे बघा"वाल्या फोटोपेक्षा असा फोटो मला केव्हाही आवडतो, आणि मुलाकडून काही वसूल करावं लागत नाही.

एकाच माणसाला बोलू द्या, तेही हळू. बाकीच्यांनी गप्प बसायचं हे आधीच ठरवून घ्या. फ्लॅश नको. शटरचा आवाज बंद करता येत असेल तर करा. जागेवर आधी नेऊन थोडं हिंडू द्या. आणि लांब लेन्स असेल तर फोटो काढणारा मागे राहू शकतो, मुलाला तो जाणवतही नाही.

अबोली_

धन्यवाद. त्याची एक लाल गाडी आहे, चाकं फिरवत बसतो. ती कार्डावर आली तर काय बिघडतंय.

शिंपले

काहीच नाही. मला तर ते कार्ड आवडेल.

भावी_जावई

जरा वेगळा प्रश्न, आयडीवरून अंदाज आला असेलच. मैत्रिणीच्या घरच्या फोटोत मला बोलावलंय. तिचा काका म्हणाला, "टोकाला उभा राहा, उद्या काही झालं तर कापता येईल." विनोदच होता. बहुधा.

खटपट्या

विनोद असो वा नसो, सल्ला चुकीचा नाही. टोकाला असलात तर दोन्ही पर्याय खुले राहतात.

पांढरा_कोपरा

खटपट्या, मला हे पटत नाही. माणसाला बोलावून कात्रीच्या रेघेवर उभं करायचं? त्याच्या चेहऱ्यावर ते दिसतंच आणि फोटो तिथेच बिघडतो. एक फोटो त्याच्यासह काढा, एक त्याच्याविना. तो बाहेर उभा राहून बटण दाबेल, ट्रायपॉडचं कामही वाचलं.

तिपाई

पांढरा_कोपरा यांना अनुमोदन. दोन फोटो काढणं हा सभ्य मार्ग आहे, आणि तो सगळ्यांना लागू करायचा म्हणजे कुणाला वेगळं काढल्यासारखं होत नाही. आधी सगळे, मग फक्त भावंडं, मग फक्त नातवंडं, मग आजी-आजोबा एकटे. अशा फोडी करत गेलं की कार्डासाठी निवडही भरपूर होते. आई-वडील वेगळे झालेल्या घरांतही हेच करते. त्या दोघांच्या मध्ये मुलं ठेवते, आणि कुणी कुणाला हात लावायचा हे मी सांगत नाही.

जुना_रोल

कार्डावरून वाद व्हायची परंपरा जुनी आहे. पहिलं छापील नाताळ-कार्ड १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन कॉलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून काढून घेतलं. सुमारे हजार प्रती छापल्या, किंमत एक शिलिंग. मधल्या चित्रात टेबलाभोवती घरातल्या तीन पिढ्या बसलेल्या, पेले उंचावून थेट बघणाऱ्याकडे बघताहेत, आणि एका लहान मुलाला वाइनचा घोट दिला जातोय. दारूबंदीवाले खवळले.

रचना मात्र बघण्यासारखी आहे. टेबल आहे म्हणून कुणी रांगेत नाही, हातांना काम आहे, डोकी वर-खाली आहेत. फोटोचं म्हणाल तर कोडॅकने १९०३ साली '३ए' हा घडीचा कॅमेरा काढला, त्याचं निगेटिव्हच पोस्टकार्डाएवढं होतं, सव्वातीन बाय साडेपाच इंच. घरचा फोटो थेट पोस्टकार्डाच्या कागदावर उतरवून पाठवायची सोय झाली. तेव्हा तुमच्या जावांना सांगा, हे फॅड नवं नाही.

मधली_सून

😀 सांगते. आता शेवटचा प्रश्न. मी टायमर लावून पळत येणार, तर कुठे उभी राहू? आणि एकाचे डोळे मिटलेले आले तर दुसऱ्या फोटोतलं डोकं लावता येतं का?

खटपट्या

पळूच नका. १० सेकंदांच्या टायमरवर धावत आलेला माणूस फोटोत धापा टाकताना दिसतो आणि बाकीचे त्याच्याकडे बघत असतात. मेनूत इंटरव्हल शूटिंग असेल तर ते वापरा, दर दोन-तीन सेकंदांनी फोटो निघत राहील. किंवा कॅमेऱ्याचं ॲप फोनवर घ्या आणि फोन मांडीआड धरून बटण दाबा. आधी ऑटोफोकसने फोकस घ्या आणि मग मॅन्युअल करून टाका, नाहीतर दर फोटोला कॅमेरा मागचं झाड शोधत बसेल.

जागा बाहेरच्या बाजूची घ्या, मधली नको. सगळ्यांना ओलांडून जायला लागलं की बसवलेली घडी मोडते. रचना ठरवताना तुमच्या जागी कुणाला तरी उभं करा, म्हणजे पोकळी बरोबर मापाची राहील.

डोकं बदलता येतं, पण ट्रायपॉड हलता कामा नये, झूम बदलता कामा नये आणि ऊन-सावलीत फरक पडता कामा नये. माणूस जागेवरून उठला नसेल तर काम सोपं. फोनवालेही हे करतात. गुगलच्या पिक्सेल ८ मध्ये २०२३ साली 'बेस्ट टेक' आलं, पाठोपाठ काढलेल्या फोटोंतून प्रत्येकाचा बरा चेहरा निवडता येतो.

उनाड_ढग

म्हणजे जो क्षण कधी नव्हताच त्याचा फोटो. मला हे काही बरं वाटत नाही.

खटपट्या

तेरा माणसं आपणहून त्रिकोणात बसली, तोही क्षण कधी नव्हता.

शिंपले

😂

गोंधळी

आमच्या घरी चष्मेवाले पाच जण. काचांवर खिडकी दिसते. आणि एक कुत्राही आहे.

तिपाई

चष्म्याच्या दांड्या कानावरून अगदी किंचित उचलायच्या, म्हणजे काचा खाली कलतात आणि चमक निघून जाते. हनुवटी खाली घेतली तरी फरक पडतो. खिडकी समोर असेल तर ग्रुपलाच थोडं फिरवा.

कुत्र्याला तान्ह्याच्याही नंतर आणा. आधी दमवून आणलंत तर जीभ बाहेर राहील, पण बसेल. त्याला ग्रुपच्या कडेला ठेवा, ज्याचं तो ऐकतो त्याच्या पायाशी, दोरी मागच्या बाजूने. आवाज एकदाच काढा, लेन्सच्या अगदी वर. दुसऱ्यांदा तो ओळखतो आणि तिसऱ्यांदा उठून आवाजाकडे चालत येतो.

मधली_सून

सगळं लिहून घेतलंय. छापायला फाईल कशी द्यायची?

खटपट्या

५ × ७ ला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) म्हणजे १५०० × २१०० पिक्सेल, कडेच्या कापणीची जागा वेगळी. तुमच्या कॅमेऱ्यातून त्याच्या कितीतरी पट मिळतील. व्हॉट्सॲपवरून आलेली फाईल देऊ नका, तिथे फोटो दाबला जातो. आणि पडद्यावर दिसतो त्यापेक्षा कागदावर फोटो गडद येतो, विशेषतः सावलीतल्या चेहऱ्यांचा. सगळी छपाई सांगण्याआधी एकच प्रत काढून खिडकीशी धरून बघा. चेहरे काळवंडलेले वाटले तर थोडा उजाळा द्या आणि मग बाकीच्या सांगा.